नियमित व्यायामाला लागणारा वेळ खरोखर परत मिळतो का?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. वय ४८. बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी करतो. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात आणि घरी परतेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. यंदाच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ निघाली. वडिलांना पन्नाशीच्या आतच मधुमेह झाला होता, हे ऐकून डॉक्टरांनी गोळी न देता रोज चालायला सांगितले. सल्ला नवा नाही. माझी अडचण अशी आहे की, हा सल्ला देणारा प्रत्येक जण 'फक्त अर्धा तास काढा' असे म्हणतो आणि तो अर्धा तास प्रत्यक्षात कधीच अर्धा तास नसतो.

हिवाळ्यात मी शेजारच्या दोघांबरोबर कमाटीबागेत जात होतो. पहाटे साडेपाचला उठायचे, स्कूटर काढायची, मांजलपूरहून बागेपर्यंत जाऊन गाडी लावायला जागा शोधायची, अर्धा तास चालायचे, मग मागे राहिलेल्यांची बाकावर वाट पाहायची, फाटकाबाहेर दुधीचा नाहीतर आवळ्याचा रस घ्यायचा, कधी आग्रह झाला तर सेव-उसळही व्हायची, आणि हे सगळे आटोपून घरी येऊन आंघोळ होईपर्यंत सात वाजून जात. आठवड्यातून पाच दिवस दीड-दीड तास धरला तर वर्षाला ३९० तास होतात. जागेपणाचे सोळा तास म्हणजे एक दिवस असे मोजले, तर हे चोवीस दिवस भरतात. माझी वर्षभराची हक्काची रजासुद्धा एवढी नाही.

याच्या बदल्यात काय मिळते, असे विचारले की आयुष्य वाढते असे उत्तर येते. पण वाढलेली वर्षे मिळणार शेवटाला, आणि तास द्यायचे आत्ता, मुलगी बारावीत असताना आणि घरात आईचे औषधपाणी चालू असताना. ऐंशीच्या पुढचे एक वर्ष आणि अठ्ठेचाळिसावे वर्ष एकाच भावाने मोजायचे का? व्यायाम चांगला की वाईट, हा माझा प्रश्न नाही. एवढा वेळ घालवण्याइतका तो मोलाचा आहे का, आणि असेल तर किती वेळापर्यंत, हे मला जाणून घ्यायचे आहे. सुविचार कृपया नकोत, ते आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावलेले आहेत.

बेरीजवजाबाकी

मांजलपूरकर साहेब, तुम्ही हिशेबातले आहात, तेव्हा उत्तरही आकड्यांतच देतो.

सहा दीर्घकालीन पाहण्यांमधील साडेसहा लाख लोकांची माहिती एकत्र करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फावल्या वेळेत काहीच व्यायाम न करणाऱ्यांशी इतरांची तुलना केली होती. आठवड्याला ७५ मिनिटांपर्यंत झपाझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांचे आयुष्य, चाळिशीपासून पुढे मोजले असता, सरासरी १.८ वर्षांनी जास्त आढळले. १५० मिनिटांच्या गटात ही वाढ ३.४ वर्षे होती आणि ४५० मिनिटे किंवा त्याहून अधिक करणाऱ्यांत ४.५ वर्षे. आता हेच आकडे तुमच्या पद्धतीने, म्हणजे सोळा तासांचा एक दिवस धरून, चाळीस वर्षांच्या खात्यावर मांडून पाहू.

आठवड्याला ७५ मिनिटे म्हणजे वर्षाला ६५ तास आणि चाळीस वर्षांत २,६०० तास, अर्थात सुमारे १६३ दिवस. मिळकत १.८ वर्षे, म्हणजे ६५० दिवसांच्या वर. एकाला चार पडले. १५० मिनिटांना ३२५ दिवस लागतात आणि १,२४० दिवस मिळतात, म्हणजे प्रमाण जवळजवळ तेच राहिले. पण १५० वरून ४५० वर गेलात, तर त्या वाढीव ३०० मिनिटांचे चाळीस वर्षांत ६५० दिवस होतात आणि त्यांच्या बदल्यात आयुष्य वाढते फक्त १.१ वर्षाने, म्हणजे साधारण ४०० दिवसांनी. तिथून पुढे आयुष्याच्या हिशेबाने धंदा तोट्याचा आहे. रोज तास-सव्वातास व्यायाम करणाऱ्याला तो आवडत असेल तर त्याने खुशाल करावा, पण दीर्घायुष्याची सबब त्याला पुरी पडणार नाही.

आता तुमच्या दीड तासाकडे येतो. अर्ध्या तासाच्या चालण्यामागे तुम्ही दीड तास मोजत असल्यामुळे तुमचा खर्च तिप्पट झाला आहे. ३२५ दिवसांचे ९७५ झाले, मिळकत मात्र त्याच १,२४० दिवसांवर राहिली. तुम्हाला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो तो या कारणाने, आणि त्यात चालण्याचा काही दोष नाही. कमाटीबागेची हवा, तिथली झाडे आणि बाकावरच्या गप्पा यांचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु स्कूटरवरचा आणि बाकावरचा वेळ व्यायामाच्या नावे टाकणे बरोबर नाही. तो वाहतूक खर्च आहे किंवा करमणूक आहे. घराच्या पायरीपासून चालायला सुरुवात करा आणि पायरीपाशीच संपवा, म्हणजे अर्धा तास अर्धा तासच राहील.

तैवानमध्ये चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज सरासरी पंधरा मिनिटे व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, काहीच न करणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आणि अपेक्षित आयुष्य तीन वर्षांनी जास्त आढळले होते. सुरुवातीच्या थोड्या मिनिटांनाच सर्वांत जास्त भाव आहे, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. दहा हजार पावलांच्या आकड्याचे दडपण तर अजिबात घेऊ नका. तो १९६५ सालच्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आलेला आहे, कुठल्या दवाखान्यातून नव्हे.

शंकासूर

बेरीजवजाबाकी यांचा गुणाकार बिनचूक आहे. त्यांनी गुणाकारात घातलेल्या आकड्यांबद्दल मात्र मला शंका आहे.

या सगळ्या पाहण्या आहेत. जे लोक आपणहून चालतात ते मुळातच धडधाकट असतात, बहुधा विडी-सिगारेट कमी ओढतात, आणि ज्यांना दम लागतो किंवा ज्यांचे सांधे धरले आहेत ते न चालणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतात. संशोधक वय, धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबात घेऊन दुरुस्ती करतात, पण ती पूर्ण होतेच असे नाही. या विषयाचा उगमच पाहा ना. लंडनच्या दुमजली बसवर दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले आणि तेव्हापासून व्यायामाची बाजू भक्कम झाली. पण त्याच मंडळींनी १९५६ साली कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा तरुण वयातल्या ड्रायव्हरांच्या विजारींची कंबरही कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे फरकाचा काही भाग जिन्यामुळे पडलेला नव्हता, तो माणसे आपापल्या कामावर येतानाच घेऊन आली होती. स्वतःच्याच निष्कर्षावर अशी शंका घेऊन ती छापणारे संशोधक मला फार आवडतात, एवढे जाता जाता नोंदवतो.

कोणी व्यायाम करायचा हे माणसांवर न सोडता चिठ्ठ्या टाकून गट पाडले, तर काय दिसते? नॉर्वेतील ट्रॉनहेम शहरात सत्तरी ओलांडलेल्या दीड हजारांवर लोकांचे असे गट करून त्यांना पाच वर्षे पाहिले गेले आणि २०२० साली निष्कर्ष आला. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांमध्ये आणि न करणाऱ्यांमध्ये मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक सापडला नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर, तुलनेच्या गटातली माणसेही घरी बसून नव्हती. त्यांनाही रोज अर्ध्या तासाच्या हालचालीचा सर्वसाधारण सल्ला दिलेला होता आणि तो ती बऱ्यापैकी पाळत होती. त्यामुळे व्यायाम निरुपयोगी आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण ३.४ वर्षे बँकेत ठेवल्यासारखी कोणी मोजू नयेत.

तरीही, मांजलपूरकर, तुमच्या बाबतीत माझे उत्तर 'चाला' असेच आहे, आणि त्याचे कारण आयुष्याची लांबी हे नाही. भारतातच, चेन्नईच्या संशोधकांनी, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचे चिठ्ठ्या टाकून चार गट केले होते. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीन वर्षांत, नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटातील १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला, तर आहार आणि चालणे यांवर ज्यांचा पाठपुरावा केला गेला त्यांच्यापैकी ३९ जणांना. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फरक पडला. यात आहाराचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही, हे खरे. पण १०० पैकी १६ जणांचा मधुमेह तीन वर्षांपुरता तरी टळला, आणि तोही आपल्यासारखेच खाणाऱ्या-बसणाऱ्या माणसांचा, हे मला कुठल्याही दीर्घायुष्याच्या आश्वासनापेक्षा वजनदार वाटते. हा परतावा ऐंशीव्या वर्षी मिळत नाही, एक्कावन्नाव्या वर्षी मिळतो.

एक अट मात्र नमूद करतो. त्या चाचणीतील लोक ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या रक्ततपासणीवरून निवडलेले होते आणि तुमच्याकडे फक्त उपाशीपोटीचा आकडा आहे. ती तपासणी आधी करून घ्या, म्हणजे आपण नक्की कुठे उभे आहोत ते कळेल.

आणि सेव-उसळीचे तेवढे पाहा. अर्ध्या तासाच्या चालण्यात जेमतेम दीडशे कॅलरी खर्च होतात. वरून तर्री आणि मूठभर शेव घेतलेली एक प्लेट त्याहून जास्त परत देते आणि बरोबरच्या पावाचा हिशेब तर अजून वेगळाच आहे.

गच्चीवरची

चर्चा वाचते आहे. हिशेब नीट मांडला गेला आहे, पण त्यात एक खाते कोणीच उघडलेले नाही. दादा, तुमचा हा दीड तास घरातून नेमका कोण देते?

साडेपाच ते सात हीच घरात नळाला पाणी येण्याची वेळ असते, डब्यांची वेळ असते, वृद्ध माणसाला उठवून तोंड धुवायला नेण्याची वेळ असते. घरातला एक माणूस त्या वेळी बागेत गेला की त्याच्या वाटणीची कामे दुसऱ्याकडे जातात, आणि तो दुसरा माणूस बहुतेक घरांत कोण असतो हे सांगायला नको. आमच्याकडे हे अनेक वर्षे असेच चालले. नवऱ्याची प्रकृती ठणठणीत राहिली याचा आनंद आहे, पण त्या ठणठणीतपणाची अर्धी किंमत ओट्यापाशी उभे राहून मी भरलेली आहे, हेही तितकेच खरे आहे. म्हणून, वेळ घालवणे योग्य आहे का, असे विचारताना तो वेळ कोणाचा, हेही विचारून घ्यावे.

'घरकाम हाच बायकांचा व्यायाम', असे यावर कोणी म्हणेल. लादी पुसणे, पाणी भरणे यात हालचाल होते आणि ती वाया जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालच्या मार्गदर्शनात सलग दहा मिनिटांची जुनी अट गाळून टाकली आहे, त्यामुळे तुकड्यातुकड्यांची हालचालही आता धरली जाते. पण श्वास वाढेल इतका जोर त्यात क्वचितच लागतो. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला तर ते मध्यम श्रमाचे काम. पोळ्या लाटताना मी अख्खे भजन म्हणू शकते.

आम्ही काढलेला मार्ग सांगते. रात्रीची जेवणे झाली की मागचे आवरणे मुलाकडे, आणि मी व यजमान गच्चीवर वीस मिनिटे चालतो. शतपावली म्हणा, पण जरा घाईची. जेवणानंतर चालले की जेवणाची साखर कमी चढते, असे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले. कपडे बदलावे लागत नाहीत, गाडी काढावी लागत नाही आणि सकाळचा नळ कोणाच्या गळ्यात पडत नाही. मे महिन्यात गच्ची रात्री नऊलासुद्धा तापलेली असते, तेवढे दिवस आम्ही सोसायटीच्या आवारात चालतो.

गरबेवाला

थोडे वेगळे मत मांडतो. आपल्या बडोद्यात नऊ रात्री गरबा असतो, वर्षभराची कसर त्यात भरून निघते, असे माझ्या गटातले बरेच जण मानतात. रोज थोडे करण्यापेक्षा वर्षातून एकदा भरपूर, हा वेळेच्या दृष्टीने जास्त सोयीचा व्यवहार नाही का? मी हे अर्धे थट्टेने विचारतो आहे, पण अर्धे खरेही.

कारेलीबागेची फिजिओ

गरबेवाल्यांच्या खऱ्या अर्ध्या भागाला आधी उत्तर देते. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयविकाराचा झटका येण्याच्या तासाभर आधी रुग्णांनी जोराचे श्रम केले होते का, हे विचारले गेले. एरवी बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये अशा श्रमांनंतरच्या तासात झटक्याचा धोका त्यांच्या नेहमीच्या धोक्याच्या शंभर पटींहून अधिक वाढला होता. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो अडीच पटींच्याही आतच राहिला. एका तासाचा मूळ धोका अगदी लहान असतो, त्यामुळे शंभर पट ऐकून घाबरून गरबा सोडू नये. पण ज्यांना नवरात्रात तीन-तीन तास फेर धरायचा आहे, त्यांनी श्रावणापासून रोज थोडे चालायला लागणे शहाणपणाचे आहे. वर्षाचे साठवून नऊ रात्रींत करणे हा सोयीचा व्यवहार नव्हे.

आता मांजलपूरकरांनी विचारलेल्या भावाबद्दल लिहिते, कारण त्याला कोणी हात लावलेला नाही. ऐंशीव्या वर्षातले एक वर्ष अठ्ठेचाळिसाव्याइतके मोलाचे आहे का, हे त्या वर्षात माणूस काय करू शकतो यावर अवलंबून आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक वृद्ध रुग्ण मरणाची तक्रार घेऊन येत नाहीत. 'खाली बसले की उठता येत नाही', ही त्यांची तक्रार असते. मी त्यांना खुर्चीत बसवून, हात छातीशी घडी घालून, उभे राहायला सांगते. पुष्कळांचे हात घडी घालताच सुटतात आणि खुर्चीची कड शोधू लागतात. मग ते थोडे पुढे सरकतात, एक हेलकावा घेतात, दुसरा घेतात आणि परत मागे टेकतात. यांतील अनेक जण साठीपर्यंत पाटावर मांडी घालून जेवलेले असतात. मग जेवायला टेबल आले, कमोड आले, देवघरसुद्धा उभ्याने पूजा करण्याइतके उंच झाले, आणि जमिनीवर बसून उठणे दिवसातून एकदाही होईनासे झाले. तिशी-चाळिशीनंतर स्नायू दर दशकात थोडे थोडे कमी होतच असतात आणि साठीनंतर ती घट वेग घेते. ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण उठायची वेळच येत नाही.

इथे पुरावा फक्त पाहण्यांचा नाही. अमेरिकेत ७० ते ८९ वर्षे वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या १,६३५ जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. एका गटाला चालणे, ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, दुसऱ्याला आरोग्यविषयक व्याख्याने. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच वर्षांत, चारशे मीटर अंतर चालता न येण्याची अवस्था व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के लोकांना आली आणि व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के लोकांना. फरक पाच टक्क्यांचाच आहे, चमत्कार नाही. पण चारशे मीटर म्हणजे घरापासून भाजीवाल्यापर्यंत जाऊन येणे, आणि ते स्वतःच्या पायांनी होते की सुनेच्या हातात यादी द्यावी लागते, यावर म्हातारपणातल्या वर्षाचा भाव ठरतो.

यातून वेळेबद्दल निघते ते असे. फक्त चालण्याने पायांची ताकद पुरेशी टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते, आणि लोक नेमके तेच सोडून देतात. मांजलपूरकर दादा, तुमच्याकडे वेळ कमी असेल तर मी चालण्यातली दहा-दहा मिनिटे दोन दिवस कमी करीन आणि तिथे खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर, आणि पायरीवर चढउतार एवढे घालीन. त्यासाठी जिमची वर्गणी लागत नाही आणि घराबाहेर जावे लागत नाही.

गच्चीवरच्या ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. त्यांना स्वतःला मात्र सांगते की, वीस मिनिटांच्या शतपावलीबरोबर ताकदीचे हे दोन दिवस तुम्हीही घ्या, कारण पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज बायकांना जास्त भोगावी लागते.

दांडियाबाजारचा जुना मल्ल

आकडे सगळे वाचले, काही समजले, काही नाही. वय ७४. लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब केला, पुढे नोकरी लागल्यावर जोर-बैठका आणि नमस्कार चालू ठेवले. १८८० साली सुरू झालेल्या त्या व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरे तयार केली, सयाजीराव महाराजांच्या काळापासून या शहरात व्यायामाला मान राहिला, पण 'या तासाचे मला काय मिळणार', असे विचारून कोणी तिथे आल्याचे मला आठवत नाही. तेल लावलेल्या खांबावर पकड बसली की त्या दिवसाचे पैसे तिथेच वसूल होत. त्यामुळे मांजलपूरकरांचा प्रश्न मला पहिल्यांदा वाचताना परका वाटला.

पण माझ्याबरोबरची कितीतरी मुले पुढे सुटली, हेही मी पाहिले आहे. ज्याला त्यात गोडी वाटत होती तो टिकला. बापाच्या धाकाने येणारा लग्नानंतर फिरकला नाही. तेव्हा, मांजलपूरकर, तुम्हाला चालण्याचा कंटाळा असेल, तर तो कंटाळा हिशेबात धरा. दहा मिनिटांत जो व्यायाम संपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावासा वाटतो, तो पहिला निवडा. आणि झोप कापून व्यायाम करू नका, एवढे माझे वडीलकीच्या नात्याने ऐका. रात्री बारा वाजता निजून पहाटे साडेपाचला उठणारा माणूस बागेत पेंगत चालतो, दिवसभर चिडचिडा राहतो आणि चार महिन्यांत सोडून देतो.

फिजिओताईंनी भिंतीवरच्या जोरांपासून सुरुवात सांगितली ते योग्य आहे. आमच्या वेळी पहिल्याच दिवशी बैठका घालायला लावत आणि आठवडाभर पोरे जिना उतरताना रडत.

बेरीजवजाबाकी

शंकासूर यांची हरकत मान्य करून हिशेब पुन्हा मांडतो. समजा ३.४ वर्षांतील निम्मी वाढ चालण्यामुळे नसून माणसे मुळातच निरोगी असल्यामुळे आहे. तरीसुद्धा घराच्या पायरीपासून मोजलेली १५० मिनिटे ३२५ दिवस घेऊन ६२० दिवस देतात. दीड तासाचा कमाटीबागेचा बेत मात्र त्या स्थितीत तोट्यात जातो. मग त्याला व्यायाम न म्हणता मित्रांची भेट म्हणावे आणि रविवारी जावे.

मांजलपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. मला हवा होता तो मुद्दा हाती लागला. अर्धा तास महाग नाही, त्याच्या मागेपुढे चिकटलेला तास महाग आहे. रोजची बाग बंद. कमाटीबागेत रविवारी जाईन, आणि सेव-उसळीवर मर्यादा येईल असे आत्ता तरी म्हणतो.

गच्चीवरच्या ताईंचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. त्यावर जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही, पण सकाळचे पाणी आणि आईचा चहा आता माझ्याकडे आला आहे. रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी सोसायटीच्या रस्त्याने पंचवीस मिनिटे चालायचे ठरले आहे, मुलगी अभ्यासाला बसलेली असते तीच वेळ. ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीची वेळ शनिवारची घेतली आहे.

काकांचा झोपेबद्दलचा सल्ला शिरोधार्य.

एकच गोष्ट फिजिओताईंना विचारायची आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठून पाहिले. उठता आले, पण पाचव्या-सहाव्या वेळी उजव्या गुडघ्यात, वाटीच्या खाली, दुखू लागले. कारखान्यात दोन मजले चढतो तेव्हा तिथेच थोडे जाणवते. अशा वेळी ताकदीचे व्यायाम करावेत की थांबावे?

कारेलीबागेची फिजिओ

न पाहता निदान सांगणार नाही, पण एवढे लिहिता येईल. सूज नसेल, गुडघा अडकत किंवा लचकत नसेल, आणि दुखणे व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जात असेल, तर थांबण्याची गरज सहसा नसते. थांबल्याने मांडीचा पुढचा स्नायू आणखी अशक्त होतो आणि गुडघ्यावर ताण वाढतो. खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, म्हणजे गुडघा कमी वाकेल, आणि चार-पाचच वेळा उठा. खाली बसताना धपकन न बसता सावकाश बसा, कारण ताकद त्यातही वाढते. दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले तर उशी काढा. दुखणे वाढले किंवा रात्री झोपेत जाणवू लागले तर प्रत्यक्ष दाखवून घ्या.

जिना चढताना दुखते की उतरताना जास्त, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते पाहून कळवा, म्हणजे पायरीचा व्यायाम आत्ता द्यायचा की नंतर, ते सांगते.